कोलोराडोचे मोफत पूर्णदिवस किंडरगार्टन : ०.४२ चा हिशेब

अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०१९-२० या शालेय वर्षापासून सार्वजनिक शाळांतील पूर्णदिवस किंडरगार्टनचा, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गाचा, खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. माझी मोठी मुलगी या बदलाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०१८-१९ मध्ये, किंडरगार्टनमध्ये होती आणि धाकटा मुलगा २०२३-२४ मध्ये त्याच शाळेत, योगायोगाने त्याच वर्गखोलीत बसला. मुलीच्या वेळी आम्ही दरमहा साडेतीनशे डॉलर शुल्क भरत होतो. मुलाच्या वेळी काहीही भरावे लागले नाही. एकच सेवा आधी विकत आणि मग फुकट घेण्याचा प्रसंग ग्राहकाच्या वाट्याला क्वचित येतो, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. येथे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या बऱ्याचशा त्या शाळेने निर्माण केलेल्या नाहीत, आणि ज्या केल्या आहेत त्यांसाठी तिला चव्हाट्यावर आणण्याची माझी इच्छा नाही.

आधी पैशाचे पाहू, कारण बाकी सगळे त्यावरून उलगडत जाते. कोलोराडोत शाळांना राज्याकडून मिळणारा निधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला होणाऱ्या पटमोजणीवर ठरतो. पहिलीपासून पुढचे मूल पूर्णवेळ शाळेत येत असेल तर ते 'एक' म्हणून मोजले जाते. किंडरगार्टनचे मूल मात्र २०१९ पर्यंत ०.५८ मोजले जात असे : अर्ध्या दिवसाचे ०.५ आणि त्यावर हातभार म्हणून ०.०८. मूल दिवसभर वर्गात बसले तरी राज्याच्या वहीत ते निम्म्याहून किंचितच मोठे होते. उरलेले ०.४२ कोणी भरायचे, हे राज्याने शालेय जिल्ह्यांवर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांवर, सोडले होते. काही जिल्ह्यांनी स्थानिक मतदारांकडून जादा मालमत्ता कर मंजूर करून घेतला, काहींनी गरीब वस्त्यांतील शाळांसाठी येणाऱ्या केंद्रीय निधीतून वाट काढली आणि बाकीच्यांनी पालकांना बिले पाठवली. त्या सुमारास राज्यात दर विद्यार्थ्यामागे मिळणारा सरासरी निधी आठ हजार डॉलरांच्या थोडा वर होता, त्याचे ०.४२ म्हणजे साधारण साडेतीन हजार. आम्ही दहा महिने साडेतीनशे भरत होतो. हे गणित मी तेव्हा केले नव्हते. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी जुन्या पावत्या हाती लागल्या तेव्हा केले, आणि शाळा आपल्याकडून नफा काढत असावी हा माझा जुना संशय मिटला.

शुल्कापेक्षा मला त्या वर्षाची दुसरी एक गोष्ट अधिक लक्षात आहे. सकाळी साडेअकराच्या सुमारास वर्गाच्या दारात आठ-दहा पालक उभे राहत. कोणी कामाच्या गणवेशात, कोणी कडेवर लहान मूल घेऊन, तर कोणी आजी. त्यांची मुले दप्तरे उचलून निघत आणि बाकीची मुले जेवणाच्या रांगेत उभी राहत. दुपारनंतर विज्ञान, चित्रकला, ठोकळ्यांची बांधकामे आणि वाचनाचा दुसरा तास होत असे. कोण निघाले आणि कोण राहिले, याचा मुलांच्या गरजेशी काडीचाही संबंध नव्हता. आईवडिलांना साडेतीनशे डॉलर परवडतात का, एवढाच तो प्रश्न होता. गणिताच्या किंवा वाचनाच्या अधिक सरावाची ज्यांना सर्वाधिक गरज होती, त्यांतली काही मुले नेमकी साडेअकराला घरी निघणाऱ्यांत होती, हे वर्गात मदतीला जाणाऱ्या कोणाही पालकाला दिसत होते. सार्वजनिक शाळेच्या एकाच वर्गात, एकाच गालिच्यावर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलांची पाकिटावरून विभागणी होणे ही त्या जुन्या व्यवस्थेची सर्वांत मोठी खोट होती. ती पूर्णपणे नाहीशी झाली आहे. या सेवेला मी जे काही गुण देणार आहे, त्यांतले निम्मे या एका गोष्टीसाठी आहेत.

बदल कसा झाला ती कथाही थोडी सांगण्याजोगी आहे. कोलोराडोत १९९२ पासून असा घटनात्मक नियम आहे की मतदारांच्या संमतीशिवाय कर वाढवता येत नाही. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत शिक्षणासाठी सुमारे १.६ अब्ज डॉलरांची करवाढ सुचवणारी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर होती आणि पूर्णदिवस किंडरगार्टनचा निधी त्यात धरलेला होता. मतदारांनी ती फेटाळली. त्याच मतपत्रिकेवर, त्याच दिवशी, मोफत पूर्णदिवस किंडरगार्टनचे आश्वासन देणारे जेरेड पोलिस यांना त्यांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिले. म्हणजे सेवा हवी, तिच्यासाठी कर मात्र नको. सुदैवाने राज्याची तिजोरी तेव्हा भरत चालली होती, त्यामुळे नवा कर न लावता अंदाजपत्रकातून सुमारे १७.५ कोटी डॉलर काढता आले. गव्हर्नर पोलिस यांनी मे २०१९ मध्ये कायद्यावर सही केली आणि ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या. पूर्ण दिवस बसणारे किंडरगार्टनचे मूल आता 'एक' मोजले जाते आणि हा निधी घेणारा जिल्हा त्या शिक्षणासाठी पालकांकडून शुल्क घेऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी महासाथीमुळे राज्याच्या अंदाजपत्रकात सुमारे ३.३ अब्ज डॉलरांचे भगदाड पडले, शाळांच्या एकूण निधीला कात्री लागली, तरी किंडरगार्टनचा हा 'एक' टिकून राहिला. नव्या योजनांचा बळी पहिल्यांदा जातो असा सर्वसाधारण अनुभव असताना हे टिकणे मला महत्त्वाचे वाटते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो, कारण राज्याबाहेरचे नातेवाईक तो हमखास बोलून दाखवतात. कायदेशीरपणे विकल्या जाणाऱ्या गांजावरील कराच्या पैशातून कोलोराडोच्या शाळा चालतात, हे खरे नाही. त्या कराचा शाळांसाठी राखलेला मोठा वाटा इमारती बांधण्याच्या व दुरुस्तीच्या अनुदानाकडे जातो. शिक्षकाचा पगार त्या वाट्यातून निघत नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. कायदा होण्याआधीच राज्यातील जवळजवळ ८० टक्के किंडरगार्टन मुले कोणत्या ना कोणत्या मार्गाने पूर्ण दिवस शाळेत येत होती. त्यामुळे नव्या पैशातला बराच मोठा भाग नवी मुले आणण्यात गेला नाही. तो जिल्ह्यांच्या आणि आमच्यासारख्या पालकांच्या खिशावरचा भार उतरवण्यात गेला. आमच्यासारख्यांना ती सवलतच झाली, आणि ती नको होती असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा माझ्याकडे नाही. पण जिल्ह्यांचा जो पैसा मोकळा झाला, तो पुन्हा त्याच पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात आला का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांना आहे. आमच्या शाळेपुरते उत्तर पुढे येईलच.

मुलाचा दिवस सकाळी पावणेआठला सुरू होई आणि दुपारी पावणेतीनला संपे. सकाळची बैठक, मग ध्वनी आणि अक्षरे, मग लहान गटांत वाचन, गणित, जेवण, मैदान, विश्रांती, आणि दुपारी लेखन व कधी विज्ञान, कधी संगीत. यांतला वाचनाचा भाग पाच वर्षांत ओळखू येऊ नये इतका सुधारला आहे. मुलीला शिकवताना अडलेला शब्द चित्र पाहून ओळखायला सांगितला जाई. 'होर्स' असे लिहिलेले असले तरी चित्रावरून ती 'पोनी' वाचून मोकळी होई आणि शाबासकीही मिळे. मुलाच्या वेळी हा अंदाजाचा खेळ बंद झाला होता. अक्षराचा ध्वनी, ध्वनींची जुळणी, मग शब्द, अशी शिस्तशीर चढण होती. याचे श्रेय पूर्ण दिवसाला जात नाही. २०१२ च्या वाचनविषयक कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने किंडरगार्टन ते तिसरीच्या शिक्षकांना वाचन कसे घडते याचे प्रशिक्षण सक्तीचे केले, त्याचा हा परिणाम आहे. मात्र अर्ध्या दिवसात अशा शिकवण्याला वेळ कुठून मिळाला असता, हेही खरे. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची प्रश्नावली भरल्यावर मुलाची इंग्रजीची चाचणी झाली आणि त्याला काही महिने आठवड्यातून चार दिवस वेगळ्या शिक्षिकेकडे अर्धा तास मिळाला. अर्ध्या दिवसाच्या वर्गातून तो अर्धा तास काढला असता तर त्याची सकाळ संपली असती. पूर्ण दिवसात तो सहज बसला.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. मुलीच्या वेळी जेवणानंतर चाळीस मिनिटे चटया पसरल्या जात. काही मुले झोपत, काही छताकडे पाहत पडून राहत. मुलाच्या वेळी ती विश्रांती पंधरा मिनिटांवर आली होती आणि वसंत ऋतू लागल्यावर बंदच झाली. ठोकळ्यांचा कोपरा होता तेथे आता लहान गटाचे अर्धगोल टेबल आले होते. ठोकळे शुक्रवारी दुपारी बाहेर निघत. खोटे घर-घर खेळण्याचे लाकडी स्वयंपाकघर मुलीच्या आठवणीत अजून आहे, मुलाने ते पाहिलेच नाही. त्याच्या पहिल्या दोन महिन्यांतला नेमका अनुभव असा की तो घरी येऊन दारातच बूट काढता काढता रडत असे, आणि कारण विचारले तर त्याला सांगता येत नसे. तो थकलेला असे, एवढेच. शिक्षिकेने पालकसभेत हे स्वतः मान्य केले आणि वेळापत्रक आपल्या हातात नाही, हेही सांगितले.

हा बदल आमच्या शाळेपुरता नाही आणि त्याची सुरुवातही २०१९ मध्ये झालेली नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ आणि २०१० या दोन वर्षांतील अमेरिकन किंडरगार्टन शिक्षकांच्या उत्तरांची तुलना केली होती. मुलाला किंडरगार्टनमध्येच वाचता आले पाहिजे असे मानणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण त्या बारा वर्षांत ३१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले होते. या बदललेल्या अपेक्षेच्या मागे अधिक वेळ येऊन उभा राहिला की काय होते, ते वर सांगितलेच. वेळ वाढला की खेळ वाढेल, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात पहिलीचा अभ्यास एक पायरी खाली उतरला आणि वाढलेल्या वेळात पाय पसरून बसला. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८४० मध्ये 'मुलांची बाग' असे नाव दिलेल्या कल्पनेचे मूळ खेळात, ठोकळ्यांत आणि बागकामात होते, हे शाळेच्या पत्रकात अजूनही छापलेले असते. ते छापताना एकदा वर्गात डोकावून पाहायला हरकत नव्हती.

आणि येथेच मोकळ्या झालेल्या पैशाचे उत्तर मिळते. मुलीच्या वर्गात बावीस मुले, एक शिक्षिका आणि सकाळचे तीन तास एक सहायक होती. मुलाच्या वर्गात चोवीस मुले, एक शिक्षिका आणि तीच सहायक, पण आता तिच्या वाट्याला तीन वर्ग. दुपारी जेवणानंतर चोवीस मुले आणि एक प्रौढ व्यक्ती, असा हिशेब उरतो. पाच वर्षांच्या मुलांचे बूट, नाक, स्वच्छतागृह, भांडण आणि हरवलेली टोपी यांतून ज्या शिक्षिकेला दुपारी वीस मिनिटे शिकवता येते, तिला मी मानतो. पण हा मानण्याचा नव्हे, नेमणुकीचा प्रश्न आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २०१० ते २०१४ या काळात पूर्णदिवस किंडरगार्टन टप्प्याटप्प्याने लागू केले, तेव्हा वर्गात शिक्षकाबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती ठेवण्याची योजना मुळातच आखलेली होती आणि अभ्यासक्रम खेळावर आधारलेला होता. ती योजना महाग पडली. २०१२ मध्ये सरकारनेच नेमलेल्या एका आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस केली होती आणि सरकारने ती मानली नाही. तेथेही मोठ्या वर्गांच्या तक्रारी आहेतच. तरी दोन्हीकडचा फरक स्पष्ट आहे. ऑन्टारिओने दिवस विकत घेताना त्यात काय असावे हेही ठरवले. कोलोराडोने तास विकत घेतले आणि आत काय भरायचे ते जिल्ह्यांवर सोपवले. शालेय जिल्ह्यांना येथे मोठी स्वायत्तता आहे, त्यामुळे हे अपेक्षितही होते. पण ग्राहक म्हणून मला मिळाले ते हेच : दिवस मोठा झाला, त्यातली माणसे वाढली नाहीत.

अर्धा दिवस मुळात कुठून आला, हे कळल्यावर या तक्रारीचे मूळही सापडते. अमेरिकेत अर्ध्या दिवसाचा प्रघात पक्का होण्यामागे दुसऱ्या महायुद्धातील शिक्षकांची टंचाई आणि त्यानंतर वाढलेली मुलांची संख्या ही मोठी कारणे होती. मुलांना किती वेळ झेपतो, याचा विचार त्यामानाने नंतर चिकटवला गेला. एक खोली आणि एक शिक्षिका सकाळ-दुपार मिळून दोन वर्ग चालवू शकते, ही त्यातली सोय होती. १९७७ मध्ये देशातील किंडरगार्टन मुलांपैकी फक्त २८ टक्के पूर्ण दिवस बसत. पूर्ण दिवस करायचा म्हणजे त्याच मुलांसाठी दुसरी खोली आणि दुसरी शिक्षिका लागते. राज्याने मुलाला 'एक' मोजले की शिक्षिकेची सोय होते. खोलीची होत नाही. बांधकामासाठी जिल्ह्याला बहुधा कर्जरोखे काढायला मतदारांची संमती घ्यावी लागते किंवा राज्याच्या अनुदानासाठी इतरांशी स्पर्धा करावी लागते. आमच्या शाळेत संगीताची खोली किंडरगार्टनला गेली आणि संगीताची शिक्षिका ढकलगाडीवर वाद्ये घेऊन वर्गावर्गांत फिरू लागली. मुलांना ती गाडी फार आवडते, हे नमूद केले पाहिजे.

मग एवढ्या खर्चाने मुलांचे भले होते का? संशोधनाचा कौल मला जसा समजला तसा सांगतो. पूर्ण दिवस बसलेली मुले वर्षाच्या शेवटी वाचन व गणितात अर्ध्या दिवसाच्या मुलांपेक्षा पुढे असतात, याबद्दल फारसा वाद नाही. इंडियाना राज्यात पूर्ण दिवसाच्या जागा सोडतीने वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे तेथील तुलना विशेष भरवशाची ठरली. तिच्यातही लाभ दिसला आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांच्या बाबतीत तो अधिक मोठा होता. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर तिसरीपर्यंत ही आघाडी बरीचशी विरून जाते. विरोधक हे दुसरे वाक्य तेवढे सांगतात, समर्थक पहिले. मला वाटते की आघाडी विरते याचा दोष किंडरगार्टनवर टाकणे चूक आहे; पुढच्या वर्गांनी आधी शिकलेलेच पुन्हा शिकवले तर कोणाचीही आघाडी विरेल. शिवाय परीक्षेतल्या गुणांखेरीज या सेवेचा दुसरा एक लाभ आहे, आणि तो संशोधकांपेक्षा पालकांना अधिक नेमका माहीत आहे : आई किंवा वडील कामावर राहू शकतात.

तो लाभही अर्धवट आहे, आणि या परीक्षणातली माझी सर्वांत तीव्र तक्रार ही आहे. 'पूर्ण दिवस' हा शाळेचा पूर्ण दिवस आहे, नोकरीचा नाही. पावणेतीन ते साडेपाच या वेळेसाठी शाळेतच एक खाजगी संस्था मुलांना सांभाळते आणि त्यासाठी आम्ही महिन्याला जी रक्कम भरतो, ती मुलीच्या जुन्या शुल्काहून अधिक आहे. दर बुधवारी शाळा दीड तास उशिरा भरते, कारण शिक्षकांच्या बैठका असतात. त्या दीड तासाची व्यवस्था पालकांनी करायची. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस वेगळे. आम्ही तरी पाच दिवसांच्या जिल्ह्यात आहोत. राज्यातील १७८ शालेय जिल्ह्यांपैकी अर्ध्याहून अधिक जिल्ह्यांत आता आठवड्याला चारच दिवस शाळा असते. बहुतेक ग्रामीण आणि लहान जिल्हे आहेत, पण डेन्व्हरजवळच्या ब्रायटनमधील मोठ्या जिल्ह्यानेही २०१८ मध्ये तो मार्ग धरला. शिक्षकांचा पगार वाढवता येत नाही म्हणून त्यांना एक दिवस मोकळा देऊन टिकवायचे, असा त्यामागचा तर्क आहे. पैशाची चणचण एका दारातून बाहेर काढली तर ती दुसऱ्या दाराने आत येते, ते असे.

जेवणाबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये मतदारांनी अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या करसवलतींवर मर्यादा घालून सर्व विद्यार्थ्यांना मोफत जेवण देण्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि २०२३-२४ पासून आमच्या शाळेत सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण सर्वांना फुकट मिळू लागले. ही सेवा उत्तम आहे. फक्त जेवायला वीस मिनिटे असतात, त्यांतली सहा रांगेत जातात, आणि दुधाचे खोके उघडता न येणाऱ्या मुलांची संख्या मदतनिसांच्या संख्येपेक्षा बरीच मोठी असते. मुलगा वर्षभर घरचा डबा अर्धा परत आणत होता. आम्ही डबा लहान केला.

आणखी एक विसंगती नव्या पालकांना आधीच माहीत असलेली बरी. किंडरगार्टनच्या आदल्या वर्षासाठी कोलोराडोने २०२३ पासून सार्वत्रिक बालवर्ग सुरू केला आहे, पण त्यात सर्वांना मिळणारे मोफत तास आठवड्याला साधारण पंधराच आहेत. ठरावीक निकषांत बसणाऱ्या मुलांना अधिक मिळतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलासाठी राज्याने जो अर्ध्या दिवसाचा वाद २०१९ मध्ये मिटवला, तोच चार वर्षांच्या मुलासाठी नव्याने मांडून ठेवला आहे. उरलेले तास तेथे पुन्हा पालकच विकत घेतात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांची मुले पुन्हा साडेअकराला घरी जातात. साडेअकराला दारातून निघणारी ती मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे हे लिहिताना माझा सूर थोडा चढला असेल.

गुणच द्यायचे तर निधीच्या व्यवस्थेला पाचपैकी साडेचार, वाचनाच्या शिकवण्याला चार, खेळ आणि विश्रांतीला दीड, मनुष्यबळाला दोन, आणि नोकरदार पालकांच्या सोयीला अडीच. ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर उत्तर निःसंकोच होकारार्थी आहे. कोलोराडोत सक्तीचे शिक्षण सहाव्या वर्षापासून सुरू होते, त्यामुळे किंडरगार्टनला पाठवण्याची किंवा पूर्ण दिवस बसवण्याची सक्ती पालकांवर नाही. तरीही अर्धा दिवस मागणारे कुटुंब मला आमच्या शाळेत गेल्या काही वर्षांत भेटलेले नाही. प्रवेशाआधी शाळा पाहायला बोलावतात तेव्हा भिंतीवरची चित्रे पाहून परत येऊ नये. दुपारी एक वाजता वर्गात किती प्रौढ असतात ते विचारावे. सहायक व्यक्ती किती वर्गांत वाटलेली आहे ते विचारावे. विश्रांती किती मिनिटे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, ठोकळे रोज निघतात की शुक्रवारी, आणि उशिरा भरणाऱ्या दिवशी सकाळी मूल कुठे ठेवता येईल, हेही विचारावे. शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघराची नोंदणी मात्र प्रवेशाच्या अर्जाबरोबर होत नाही, वेगळी करावी लागते. आमच्याकडे ती मार्चमधल्या एका सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत भरते.